ओस न पडलेलं बेट

स्कॉटलंडच्या माणसांनी माळव्यात येऊन आमच्याबद्दल एवढं लिहून ठेवलं आहे, की त्याची थोडीफार परतफेड करायला हवी असं मला हल्ली वाटू लागलं आहे. सर जॉन माल्कम हा डंफ्रीसशरकडचा. डिसेंबर १८१७ मध्ये तो महिदपूरला होळकरांच्या फौजेवर चालून गेला. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, ६ जानेवारी १८१८ ला, मंदसोरला तहावर सह्या झाल्या. मग हात धुऊन निवांत बसून त्यानं मध्य हिंदुस्थानावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १८२३ मध्ये छापून आला. त्यात अहिल्याबाईंची थोरवी इतक्या अगत्यानं सांगितली आहे, की वाचताना आपण त्याच्यावर रागवायचं विसरून जातो. दुसरा जेम्स ग्रँट डफ, बॅन्फचा. साताऱ्याला रेसिडेंट होता. मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहून १८२६ मध्ये मोकळा झाला. तिसरे पॅट्रिक गेडिस. पहिल्या दोघांना मी अरे-तुरे केलं आणि गेडिसांना अहो-जाहो करतो आहे, ते उगाच नाही. कारण पुढे येईलच.

एवढं ऋण डोक्यावर असताना जुनी इंदूरच्या एका रहिवाशानं त्यांच्या एखाद्या बेटाबद्दल चार शब्द बोलायला कोणाची हरकत नसावी.

बेट म्हणजे ऑर्कनी. खरं तर तो बेटांचा पुंजका आहे. सत्तरेक बेटं, त्यांतली वीसेक वस्तीची, आणि सगळी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही पलीकडे. माझा भाचा अ‍ॅबर्डीनला नोकरीला आहे. इंदूरच्या पोराला जोडून सुट्टी मिळाली की तो रात्री सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खातो. अ‍ॅबर्डीनला सराफा नाही, त्यामुळे हा बोटीत बसून ऑर्कनीला गेला आणि तिथून त्यानं व्हिडिओ कॉल लावला. आधी बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग त्याचं अर्धं नाक दिसलं, आणि मग हिरवळीत खोदलेली दगडी घरं.

त्या जागेचं नाव स्कारा ब्रे. १८५० च्या हिवाळ्यात तिथं मोठं वादळ झालं, किनाऱ्यावरची वाळू उडून गेली आणि खालून घरं निघाली. गावच्या जमीनदारानं, विल्यम वॉट त्याचं नाव, हौसेनं खणून पाहिलं. पुढे १९२८ ते १९३० या काळात गॉर्डन चाइल्ड या नामांकित पुरातत्त्वज्ञानं तिथं नीट उत्खनन केलं. घरं निघाली इसवी सनापूर्वी ३१०० च्या आसपासची, म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड अजून कोणाच्या डोक्यातही नव्हता तेव्हाची. मधोमध चूल, दोन्ही अंगांना दगडी पलंगांच्या चौकटी, आणि दारासमोरच्या भिंतीला दगडाचीच दोन खणांची मांडणी.

"मामा, पाच हजार वर्षांपूर्वीची मांडणी!" भाचा वाऱ्यावर ओरडला.

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला. "बरोब्बर दारासमोर? म्हणजे आल्यागेल्याला भांडी दिसावीत म्हणून. हौशी होती बाई." तिथले अभ्यासक साधारण हेच म्हणतात. त्यांना त्यासाठी निबंध लिहावे लागले, एवढाच फरक.

मग भाच्यानं माळेची गोष्ट सांगितली. एका घराच्या अरुंद दारात आणि बोळात माळेचे मणी विखुरलेले सापडले. त्यावरून चाइल्डसाहेबांनी चित्र उभं केलं: वादळ आलं, गाव पळालं, एक बाई घाईनं दारातून बाहेर पडताना तिची माळ अडकून तुटली, आणि मणी पाच हजार वर्षं तिथंच पडून राहिले. मी हळहळलो. बायको हळहळली नाही. "माळ तुटली तर बाई आधी मणी वेचेल," ती म्हणाली, "वादळ गेलं खड्ड्यात." आता संशोधकही म्हणतात की गाव एका रात्रीत नाही, हळूहळू उठलं असावं. आमच्या घरात या निष्कर्षाचं कोणाला नवल वाटलं नाही.

ऑर्कनीच्या इतिहासात मला सगळ्यांत घरगुती वाटला तो हुंड्याचा भाग. ही बेटं कितीतरी शतकं नॉर्वेच्या ताब्यात होती. १४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानं, पहिल्या ख्रिश्चननं, आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला द्यायचं ठरवलं. हुंडा ठरला, पण रोकड उभी राहीना. तेव्हा राजानं ऑर्कनी गहाण टाकलं. पैसे काही फिटले नाहीत आणि बेटं व्याह्यांकडेच राहिली. मुलीच्या लग्नापायी जमीन गेली, हे ऐकून आमच्या गल्लीत कोणी दचकणार नाही; फक्त जमीन एवढी मोठी होती याचं कौतुक करतील. आमचे होळकर या बाबतीत हिशेबी. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावानं पेशव्यांकडून १७३४ मध्ये वेगळी खासगी जहागीर करून घेतलेली. पुढे दुसऱ्या तुकोजीरावांनी तर इंग्रजांनाच एक कोट रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीवर. त्या पैशातून खंडव्याहून इंदूरला आगगाडी आली. तिचे रूळ आमच्या वस्तीला वळसा घालून जातात.

आणि ऑर्कनीतलंच मेसहोव! मातीच्या टेकाडाखालचं दगडी थडगं आहे ते. हिवाळ्यातल्या सगळ्यांत लहान दिवसांत मावळतीचा सूर्य त्याच्या लांबलचक बोळातून थेट मागच्या भिंतीवर पडतो, अशी बांधणी. बाराव्या शतकात काही नॉर्स मंडळी वरून छप्पर फोडून आत शिरली आणि भिंतींवर आपल्या रून लिपीत लिहून गेली. काय लिहिलं? अमक्यानं हे कोरलं. तमका कोरण्यात सगळ्यांत पटाईत. एक बाई फार देखणी आहे. मांडूच्या महालांत खिळ्यानं नावं कोरणाऱ्या पोरांना आम्ही शिव्या घालतो, त्यांना ही बातमी पोचू नये. टवाळी आठशे वर्षं टिकली की तिला शिलालेख म्हणतात.

हे सगळं दाखवून झाल्यावर भाच्यानं विचारलं, "मामा, आपल्या जुनी इंदूरमध्ये आहे का असं काही?"

प्रश्न साधा होता, पण त्यात परदेशी मुक्कामाला राहिलेल्या माणसाचा सूर होता. शनिवार होता. मी चपला पायात सरकवल्या आणि फोन तसाच हातात धरून बाहेर पडलो.

आधी एक गोष्ट मान्य करून घेतली पाहिजे. जुनी इंदूर हे बेटच आहे. एकीकडे कान्ह नदी, जिला आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत सगळे खान म्हणत, दुसरीकडे सरस्वती. दोघी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी भेटतात. तिसरीकडे ते रूळ. चौथी बाजू उरते ती शनिवारच्या वाहतुकीनं बंद होते. ऑर्कनीचे लोक स्वतःला स्कॉटिश म्हणवून घेण्याआधी ऑर्केडियन म्हणवतात म्हणे. आमच्याकडेही विजयनगरात फ्लॅट घेतलेला माणूस 'इंदूरचा', आणि आम्ही 'जुनी इंदूरचे'.

बेटांचं वेड तर या शहराच्या रक्तातच आहे. सरदार माधवराव किबे इथलेच, संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि १९२६ च्या मुंबईच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. त्यांनी हिरीरीनं असं मांडलं की रावणाची लंका समुद्रात नव्हतीच, ती आपल्या अमरकंटकला होती. अख्खं बेट उचलून विंध्य-सातपुड्यात आणून ठेवायला छाती लागते. लोक हसले असतील, पण पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया यांनीही लंका मध्य भारतातच शोधावी असं लिहिलं. तेव्हा मी जुनी इंदूरला बेट म्हणतो आहे, ते इंदुरी परंपरेत बसतं.

भाच्याला मी पहिल्यांदा बडा रावळा दाखवला. कंपेलचे जमीनदार राव नंदलाल चौधरी यांच्या घराण्याचा हा वाडा. मोगलाई, मराठे आणि धामधुमीचा तो काळ. नंदलालरावांनी ओळखलं की नदीकाठच्या या जागेत बाजार चांगला बसेल. १७१६ मध्ये त्यांनी बादशाही जकातीतून माफीची सनद मिळवली आणि व्यापारी आणून वसवले. म्हणजे हे शहर राजानं नाही, दुकानदारांनी उभं केलं आहे. त्याची खूण शहराच्या स्वभावात अजून आहे. इथं माणूस आधी भाव विचारतो, मग नाव. पुढे बाजीराव आणि चिमाजीअप्पा माळव्यात उतरले तेव्हा नंदलालरावांनी वारा ओळखून त्यांच्याशी संधान बांधलं. या मंडलोई घराण्याच्या दफ्तरातली पत्रं त्याची साक्ष देतात. नदीपलीकडे होळकरांचा राजवाडा झाला, १८१८ नंतर राजधानी इथं आली, शहर तिकडे फुगत गेलं, आणि मूळ इंदूर जुनी होऊन बसली. राजवाडा तीनदा जळला, तीनदा त्याची बातमी झाली. आमच्याकडे असं काही नाट्य घडलं नाही, म्हणून आम्ही पर्यटकांच्या नकाशावरही नाही.

इंद्रेश्वराचं देऊळ पुलापलीकडे, पंढरीनाथ भागात. शहराला नाव देणारा देव तो. बरीच पुस्तकं देवळाचं साल १७४१ सांगतात. देवळात विचारलंत तर चार हजार वर्षं हा आकडा ऐकायला मिळेल. पुस्तक आणि गाभारा यांच्यात साधारण पावणेचार हजार वर्षांचा फरक पडतो, आणि इंदूरमध्ये एवढा फरक कोणी मनाला लावून घेत नाही. तिथंच नदीकाठी पंढरीनाथाचं देऊळ, आणि जवळच्या पुलाचं नि मोहल्ल्याचं नाव चंद्रभागा. माळव्यात नशीब काढायला आलेल्या मराठी माणसाला आषाढीला पंढरपूर गाठणं कुठून जमणार? तेव्हा त्यानं विठोबाही इथं मांडला आणि नदीही. पुंडलिकानं फक्त वीट टाकली होती, आमच्या पूर्वजांनी पूल टाकला.

मग शनीचं देऊळ. त्या गल्लीत शनिवारी फोन काढणं म्हणजे हाताला तेल लागणारच. दोन्ही बाजूंना परड्यांत काळे उडीद, रुईच्या माळा, पणत्या आणि लोखंडी खिळे. एक बाई पणतीच्या वाती इतक्या सफाईनं वळत होती की तिचं लक्ष पूर्णपणे समोरच्या भांडणावर होतं. देवळाची आख्यायिका अशी, की तीनेकशे वर्षांपूर्वी इथं वीसेक फुटांचं टेकाड होतं आणि जवळ एक अंध पंडित राहत, गोपालदास तिवारी. शनिदेव त्यांच्या स्वप्नात आले आणि म्हणाले, टेकाडाखाली माझी मूर्ती आहे, खणून काढ. मला दिसत नाही, कसं खणू, असं पंडितजी म्हणाले. डोळे उघड, दिसेल, असं उत्तर आलं. दिसलं, लोकांनी खणलं, मूर्ती निघाली. तीच आजची. इतरत्र शनीला नुसतं तेल, आमच्या शनीला सोळा शृंगार आणि दुधापाण्याचा अभिषेक. शनि जयंतीला तर गाण्याच्या मैफली होतात. साडेसातीवाला देव रात्र-रात्र ख्याल ऐकत बसतो, हे फक्त इंदूरलाच सुचू शकतं.

"म्हणजे मामा, हेही उत्खननच," भाचा म्हणाला. "इकडे वादळानं केलं, तिकडे स्वप्नानं."

"आणि आमच्या उत्खननाला कुठल्या खात्याची परवानगी लागली नाही," मी म्हटलं.

घरी परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी फोन खाली धरला. तिथं एक कोरीव दगड आहे. कुठल्यातरी पडलेल्या देवळाचा असणार. गुडघ्याएवढा उंच, एका बाजूला कमळाच्या पाकळ्यांची नक्षी, दुसऱ्या बाजूला मूर्ती, जिचे फक्त दोन पाय आणि हातातलं काहीतरी उरलं आहे. गदा असेल, कमळाची दांडी असेल. त्यावर शेंदराचे थर इतके चढले आहेत की पाय कुठं संपतात नि शेंदूर कुठं सुरू होतो ते कळत नाही. वरची सपाट जागा झिजून गुळगुळीत झाली आहे, कारण इस्त्रीवाला तिच्यावर आपली कोळशाची इस्त्री टेकवतो. शेजारच्या घराच्या केबलची तार दगडाला एक वेढा घालून वर जाते. सकाळी दूधवाला त्यावर किटली ठेवतो, दुपारी एक म्हातारं कुत्रं पाठ टेकतं, आणि मंगळवारी कोणीतरी फूल वाहतं. कोण वाहतं ते आजवर कोणालाही कळलेलं नाही.

भाच्यानं तो दगड नीट बघितला. "मामा, हा इकडे असता तर त्याला काचेची पेटी केली असती. तिकीट लावलं असतं."

त्या वाक्यानं मला रात्री झोप लागू दिली नाही. आता या वयात झोप न लागायला वाक्याची गरज नसते, तरीही. ऑर्कनीची घरं जपली जातात, कारण तिथं राहायला कोणी उरलं नाही. १९९९ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत. रांगेत उभं राहून, हात न लावता बघायची. पुरातन व्हायचं तर आधी ओस पडावं लागतं, हा नियमच दिसतो. आणि ओस पडायला जुनी इंदूरला कधी फुरसतच मिळाली नाही. पेंढारी आले, दुष्काळ आले, प्लेग आला, रस्तारुंदी आली. लोक चार दिवस नातेवाइकांकडे गेले आणि परत येऊन दार उघडून बसले. आमची मांडणी अजून भांड्यांनी भरलेली आहे. मग तिला वारसा कोण म्हणणार?

याच शहराच्या हद्दीत, आझादनगरला, कान्हच्या काठी एक पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आहे. सत्तरच्या दशकाच्या आसपास तिथं उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळातली खापरं निघाली. तिकडे महेश्वरसमोर, नर्मदेपलीकडे नावडातोडीला, सांकलियांनी पन्नासच्या दशकात खणलं तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीची अख्खी गावं सापडली. उज्जैनजवळ कायथा, तेही असंच. विष्णू श्रीधर वाकणकर, नीमचला जन्मलेला हा मराठी माणूस, रेल्वेच्या खिडकीतून खडक पाहून भीमबेटकाला उतरून गेला, १९५७ साली. म्हणजे माळव्यात कुठंही फावडं घातलं तर काहीतरी हाती लागतंच. पण आझादनगरच्या पांढरीभोवती आता वस्ती दाटली आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं नदीकाठची जी जागा घर बांधायला निवडली, तीच आजच्या माणसानंही निवडली. पाणी जवळ, चढ बेताचा, बाजार लागून. दोघांच्याही पसंतीला नावं ठेवता येत नाहीत. पुरातत्त्वज्ञाची मात्र त्यात पंचाईत.

आता गेडिस. हे स्कॉटलंडातल्या बॅलटरला १८५४ मध्ये जन्मले. मुळात जीवशास्त्राचे, मग शहरांच्या मागे लागले. १९१७ मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात इंदूर दरबारानं त्यांना नगररचनेचा सल्ला द्यायला बोलावलं. शहरात प्लेग होता. दाढी वाढलेला हा म्हातारा नकाशे काखोटीला मारून गल्लीबोळ पालथे घालू लागला तेव्हा लोक त्याच्याकडे भीतीनं बघत. प्लेग आणणारा साहेब तो हाच, असं ते म्हणत, हे गेडिसांना आपल्याच मदतनिसाकडून कळलं. कोणी दुसरा असता तर चिडून बंगल्यावर जाऊन बसला असता. गेडिस महाराजांकडे गेले आणि म्हणाले, मला एका दिवसापुरतं महाराज करा.

महाराज हो म्हणाले. लगेच दवंडी पिटली गेली: यंदाच्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जाणार नाही, ज्या रस्त्यावरची घरं सगळ्यांत स्वच्छ, दुरुस्त आणि रंगवलेली दिसतील, त्याच रस्त्यानं जाईल. कचरा फुकट उचलून नेण्यात येईल. झालं! मिरवणूक आपल्या दारावरून जावी ही इच्छा इंदुरी माणसाला मोक्षाच्याही आधी असते. शहरानं कंबर कसली. घराघरांतून उपसलेला कचरा गाड्या भरभरून गेला, चुना लागला, मोडकी जोती बसवली गेली. मिरवणुकीत हत्ती होते, लक्ष्मी होती, घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस होता आणि प्लेगचा एक भलामोठा उंदीर होता. पाठोपाठ शहरातले झाडूवाले, पांढरेशुभ्र कपडे, नवे झाडू, गळ्यात हार. १९१७ साली! शेवटी राक्षस आणि उंदीर दोघांनाही दारूकामात जाळलं आणि तुळशीची रोपं वाटली. त्यानंतर तेच लोक, हाच तो प्लेग घालवणारा साहेब, असं म्हणू लागले.

गेडिसांनी १९१८ मध्ये इंदूरवर दोन खंडांचा अहवाल दिला. माल्कमच्या ग्रंथालाही दोन खंड, पण हे दोन खंड कोणाचं राज्य घेऊन लिहिले नव्हते. जुन्या वस्त्या सरसकट पाडून सरळ रुंद रस्ते काढणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. वाकड्या गल्लीला तिचं कारण असतं, असं ते धरून चालत. एखादं पडकं घर काढा, तिथं झाड लावा, झाडाला पार बांधा, देवळाची डागडुजी करा, नदीच्या काठानं बागा करा. बाकी माणसांना होतं तिथं राहू द्या. हे आजच्या भाषेत सांगायला गेलं तर बैठकीत कोणी ऐकून घेणार नाही, कारण त्यात उद्घाटन करण्यासारखं काही नाही. त्या दिवाळीला बरोबर शंभर वर्षं झाली, २०१७ मध्ये, आणि इंदूर देशातलं सगळ्यांत स्वच्छ शहर ठरलं. पुढे २०२३ पर्यंत त्यानं पहिला नंबर सोडला नाही. कचऱ्याची गाडी रोज सकाळी गाणं वाजवत येते. झाडूवाल्यांच्या गळ्यात हार पडतात. उंदराचा मात्र कोणी उल्लेख करत नाही. आणि नदीकाठच्या बागांचं म्हणाल तर, सरस्वतीच्या पुलावरून जाताना आमच्याकडे अजून बोलणं थांबवून श्वास रोखायची पद्धत आहे.

नाही म्हणायला ऑर्कनीतही सगळेच काही दगडांवर जीव टाकणारे नव्हते. स्टेननेसला उभ्या दगडांचं एक जुनं रिंगण आहे. १८१४ मध्ये तिथली जमीन कसणारा एक कॅप्टन मॅके होता, बाहेरून आलेला. लोक दगड बघायला येतात आणि आपलं शेत तुडवतात, याचा त्याला वैताग आला. त्यानं दगडच फोडायला काढले. त्यात ओडिनचा दगड गेला. या दगडाला आरपार भोक होतं. प्रेमात पडलेली जोडपी भोकाच्या दोन बाजूंना उभी राहत, त्यातून हातात हात धरत आणि आणाभाका घेत. ती शपथ लग्नाएवढी पक्की मानली जाई. गावानं आरडाओरडा केला, मॅकेचं घर जाळायचेही प्रयत्न झाले म्हणतात, पण तोवर दगडाचे तुकडे झालेले होते.

मॅके मला ओळखीचा वाटतो. त्याचे भाऊबंद आमच्या घरांच्या भिंतींवर लाल रंगात आकडे लिहून जातात. रस्ता रुंद व्हायचा असतो. आकडा म्हणजे तुमच्या घराचं किती फूट जाणार ते. शहरात अशी अर्धी कापलेली घरं बरीच दिसतात. दिवाणखाना गेला, देवघर रस्त्यावर आलं, जिना हवेत लोंबकळतो. त्यातला माणूस मात्र जागच्या जागी असतो. कापलेल्या खोलीला शटर लावतो आणि पोहे-जिलबी विकायला बसतो. खोली गेली, तरी तोंड हमरस्त्यावर आलं.

या सगळ्याचा परिणाम असा झाला, की गल्लीतल्या दगडाला निदान एक पाटी तरी असावी, हा विचार मी शेजारपाजारी बोलून दाखवला. उत्साह अमाप. पाटीवर साल कोणतं घालायचं यावरून बैठक रंगली. एक म्हणाले परमारकालीन, एक म्हणाले पांडवांनी अज्ञातवासात बसवलेला. एका आजोबांचं म्हणणं पडलं की तो दगड त्यांच्या लहानपणी इथं नव्हताच, पण त्यांना कोणी पुढे बोलू दिलं नाही. अखेर साल गाळून 'अति प्राचीन' लिहावं असं एकमतानं ठरलं. हे सगळ्या देवळांवर लिहिलेलं असतं, त्यामुळे कोणी जाब विचारत नाही.

पेंटर आला. तो अक्षरांवर पैसे घेतो. वर्गणी मोजली तर थोडी कमी पडत होती, म्हणून कोणीतरी सुचवलं की 'अति' काढून टाकू, नुसतं 'प्राचीन' पुरे.

इतका वेळ गप्प उभा असलेला इस्त्रीवाला पुढे आला. पाटी लागली की दगडावर इस्त्री टेकवता येणार नाही, म्हणून तो आधीपासूनच या कामाच्या विरोधात होता. त्यानं खिशातून पन्नासची नोट काढून पेंटरच्या हातात ठेवली.

"लिखो भिया, 'अति' भी लिखो। पर बोर्ड जरा ऊपर ठोकना।"